फाइलला हाक मारली, ती आली का?

गेल्या उन्हाळ्यात भाचीने तिच्या पप्पांसाठी एक छोटं वेबपेज बनवलं. दाजींची शेती निफाड तालुक्यात. चाळीत उन्हाळ कांदा भरलेला आणि रोज सकाळी एकच विचार, आज माल काढायचा की थांबायचं. म्हणून लासलगाव, विंचूर आणि पिंपळगाव बसवंत इथले किमान, कमाल आणि सरासरी दर एका पानावर, आणि त्याखाली महिनाभराच्या चढउताराची रेघ. भाची कॉलेजसाठी नाशिकला आमच्याकडे गंगापूर रोडला राहते. घरच्या वाय-फायवर तिने ते पान वीसेक वेळा उघडून पाहिलं. प्रत्येक वेळी आकडे आले, रेघही आली. दाजींनी तेच पान पिंपळगावच्या बाजार आवारात, ट्रॅक्टरच्या रांगेत उभं राहून उघडलं. आकडे आले. रेघेच्या जागी पांढरा चौकोन.

‘‘मामा, माझ्याकडे चालतंय रे. पप्पांच्या फोनलाच काहीतरी झालंय.’’

फोनला काही झालं नव्हतं. लॅपटॉपवर ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडली, नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी केला आणि पान पुन्हा लोड केलं. कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दाखवणाऱ्या खिडकीत, लाल ओळ आली: ‘चार्ट इज नॉट डिफाइन्ड’, चार्ट हे नाव मला माहीत नाही. तिच्या एका स्क्रिप्ट फाइलने, म्हणजे जावास्क्रिप्ट भाषेतल्या कोडच्या फाइलने, दुसरी स्क्रिप्ट फाइल बोलावली होती, आणि ती यायच्या आधीच वापरायला घेतली होती. वेब शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला ही चूक येते. तिच्यामागे ब्राउझरचा एक मूळ स्वभाव आहे. तो एकदा कळला की पुढच्या बऱ्याच गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साध्या रचनेपासून सुरुवात करू. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान ज्या भाषेत लिहितात तिच्यात, स्क्रिप्टचा टॅग लिहायचा आणि त्याच्या एसआरसीमध्ये फाइलचा पत्ता द्यायचा. ब्राउझर पान वरून खाली वाचत येतो. असा टॅग दिसला की वाचन थांबवतो, फाइल आणतो, चालवतो आणि मगच पुढे सरकतो. त्यामुळे एकाखाली एक दोन टॅग लिहिले तर दुसऱ्या फाइलला पहिलीतलं सगळं आयतं मिळतं. आधी चार्टची लायब्ररी, म्हणजे रेघ काढायचा दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, मग आपली फाइल, एवढाच नियम. टॅगला ‘डिफर’ लावलं तर फाइल मागच्या मागे येते, पान पूर्ण वाचून झाल्यावर चालते आणि क्रमही टिकतो. ‘असिंक’ लावलं तर जी आधी येईल ती आधी चालते, क्रमाची हमी नाही. दोन-तीन फाइलींचं काम असेल तर आजही मी ‘डिफर’ लावलेले साधे टॅगच सुचवतो.

या रचनेत सगळ्या फाइली एकाच खोलीत राहतात, ही मात्र अडचण. एका फाइलमध्ये ‘लेट’ने ‘रेट्स’ नावाचं व्हेरिएबल केलं आणि दुसरीतही केलं, तर दुसरी फाइल चालतच नाही, नाव आधीच घेतलंय म्हणून अख्खी नाकारली जाते. ‘व्हार’ने केलं असेल तर त्याहून वाईट. तक्रार काहीच येत नाही, दुसरीची किंमत पहिलीवर गुपचूप बसते. शिवाय कुठल्या फाइलला कोणती फाइल लागते ते त्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. ते फक्त एचटीएमएलमधल्या टॅगांच्या क्रमात दडलेलं असतं, आणि सहा महिन्यांनी कुणी तो क्रम बदलला की पान कोसळतं.

म्हणून मनात साहजिक प्रश्न येतो, की ज्या फाइलला गरज आहे तिनेच दुसरी का बोलावू नये? भाचीनेही हेच विचारलं. कॉलेजमध्ये ती सी शिकली, थोडं पीएचपी शिकली. दोन्हींत ‘इन्क्लूड’ असं लिहिलं की दुसरी फाइल त्याच जागी येऊन बसते आणि पुढच्या ओळीत तिच्यातली फंक्शन्स वापरता येतात. मग जावास्क्रिप्टमध्ये हा शब्द का नाही?

कारण फाइल कुठे आहे, यात फरक आहे. सी-मध्ये ती फाइल त्याच कॉम्प्युटरच्या डिस्कवर असते, कंपायलर तिथल्या तिथे ती वाचतो. पीएचपी सर्व्हरवर चालतं आणि त्याच्या फाइलीही त्याच सर्व्हरवर असतात. जावास्क्रिप्ट चालतं ते दाजींच्या फोनवर, आणि फाइल असते कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर. मधे मोबाइलचं नेटवर्क. ती यायला शंभर मिलिसेकंद लागतील, दहा सेकंद लागतील किंवा ती येणारच नाही. त्यात ब्राउझरमध्ये पानाचं बहुतेक सगळं काम एकच धागा, म्हणजे थ्रेड, एका वेळी एक असं करतो. स्क्रिप्ट चालवणं त्याच्याकडे, बोटाचा स्पर्श ओळखणं त्याच्याकडे, पानात काही बदललं की मांडणी नव्याने करणं त्याच्याकडे. ‘इन्क्लूड’च्या ओळीवर तो धागा फाइलची वाट पाहत उभा राहिला तर तेवढा वेळ बटणं दबणार नाहीत, पान गोठून राहील. एकेकाळी लोक सिंक्रोनस पद्धतीने, म्हणजे येईपर्यंत थांबून, फाइल मागवून, तिचा मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या ‘इव्हॅल’मध्ये घालून हेच करत आणि पानं अशीच गोठत. ती पद्धत आता सोडूनच द्यावी.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपसाठी ही भाषा केली तेव्हा पानं छोटी होती. एका फाइलने दुसरी बोलावण्याची भाषेची स्वतःची सोय तिच्या अधिकृत प्रमाणात, म्हणजे स्टँडर्डमध्ये, यायला २०१५ उजाडलं. मधली वीस वर्षं लोकांनी युक्त्या केल्या. त्यातली सर्वांत टिकाऊ युक्ती म्हणजे स्क्रिप्टमधूनच स्क्रिप्टचा टॅग तयार करणं. भाचीने तेच केलं होतं.

पद्धत अशी. ‘क्रिएट एलिमेंट’ने स्क्रिप्टचा टॅग बनवायचा. त्याच्या एसआरसीला लायब्ररीचा पत्ता द्यायचा. ‘अपेंड चाइल्ड’ने तो टॅग हेडमध्ये टाकायचा. टॅग पानात पडला की ब्राउझर फाइल आणायला निघतो. पण आपला कोड थांबत नाही, तो लगेच पुढच्या ओळीवर जातो. आपलं चालू असलेलं काम पूर्ण होईपर्यंत ती बाहेरची फाइल मध्येच घुसून चालत नाही, अगदी ती आधीच फोनच्या कॅशमध्ये, म्हणजे पूर्वी आणलेल्या फाइलींच्या साठ्यात, असली तरी. म्हणून टॅग टाकल्यावर लगेचच्या ओळीत तिच्यातलं फंक्शन वापरलं तर ते कधीच सापडणार नाही.

भाचीला मी हे तिच्या घरातलंच सांगितलं. कांदा काढणीला दाजी मुकादमाला फोन करतात. फोन ठेवला म्हणजे टोळी वावरात उतरली असं होत नाही. फोन करणं हे एक काम, टोळी येणं ही दुसरी घटना. मधल्या वेळात दाजी रिकाम्या गोण्या आणतात, पाण्याची सोय करतात. कांदा काढायला सुरुवात मात्र टोळी आल्यावरच. ‘अपेंड चाइल्ड’ म्हणजे तो फोन. टोळी बांधावर आल्याची खबर ब्राउझरमध्ये ‘ऑनलोड’ देतो, आणि गाडी वाटेत बंद पडल्याची खबर ‘ऑनएरर’ देतो. जे काम त्या फाइलवर अवलंबून आहे ते ‘ऑनलोड’मध्येच लिहायचं.

मग गंगापूर रोडला ते कसं चालत होतं? मला या प्रकरणात सर्वांत शिकण्यासारखं वाटलं ते इथे. भाचीच्या कोडमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी निघत होत्या. टॅग टाकून चार्टची लायब्ररी मागवली जात होती, आणि ‘फेच’ने दरांचे आकडे. आकडे आले की ती रेघ काढायला घेत होती. लायब्ररी दोनेकशे केबीची, आकडे जेमतेम तीन केबीचे. घरच्या वेगवान नेटवर लायब्ररी क्षणात येई, बहुतेक वेळा ती कॅशमध्येच असे, आणि आकडे देणाऱ्या सर्व्हरला उत्तर द्यायला थोडा वेळ लागे. लायब्ररी नेहमी आधी पोहोचायची. आवारातल्या मंद नेटवर उलटं झालं. तीन केबी पटकन उतरले, दोनशे केबी मागे रेंगाळले. आकडे आले, कोड रेघ काढायला गेला आणि चार्टचा पत्ताच नाही. म्हणजे कोड दोन्हीकडे तितकाच चुकीचा होता, घरी फक्त शर्यतीचा निकाल आपल्या बाजूने लागत होता. ‘माझ्याकडे चालतंय’ असं ज्या ज्या वेळी वाटतं, त्या वेळी अशी एखादी शर्यत लपलीय का ते शोधावं. नेटवर्क मंद करून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही.

तिला एका वर्गमित्राने उपाय सुचवला होता, ‘सेट टाइमआउट’ लावून दोन सेकंद थांब. हा सल्ला फार फिरतो आणि तो चुकीचा आहे, हे मला ठामपणे सांगावंसं वाटतं. दोन सेकंद हा अंदाज आहे. आवारात लायब्ररीला सात सेकंद लागले तर पान पुन्हा रिकामं, आणि घरी अर्ध्या सेकंदात आली तर माणसाला दीड सेकंद विनाकारण ताटकळत ठेवलं. ब्राउझर स्वतः ‘आली’ म्हणून सांगायला तयार असताना घड्याळावर विसंबायचं कशाला?

योग्य मार्ग असा की टॅग टाकण्याचं काम एका फंक्शनमध्ये ठेवायचं आणि त्यातून प्रॉमिस, म्हणजे ‘काम झालं की कळवतो’ असा वायदा, परत द्यायचं. ‘ऑनलोड’ झालं की प्रॉमिस पूर्ण, ‘ऑनएरर’ झालं की मोडलं. मग ‘प्रॉमिस ऑल’मध्ये लायब्ररी आणि आकडे दोघांनाही बसवायचं. दोन्ही एकाच वेळी निघतात, दोन्ही पोहोचल्यावरच रेघ काढली जाते, आधी कोण आलं याने काही बिघडत नाही. एकापेक्षा जास्त फाइली अशा मागवायच्या असतील आणि त्या ठरलेल्या क्रमानेच चालायला हव्या असतील, तर आपण बनवलेल्या प्रत्येक टॅगवर ‘असिंक’ची किंमत ‘फॉल्स’ करायची. असे टॅग मुळातच असिंक असतात, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. ‘फॉल्स’ केल्यावर फाइली एकत्र डाउनलोड होतात, पण चालतात टाकलेल्या क्रमाने.

‘डॉक्युमेंट राइट’ने टॅग लिहिण्याची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी सापडते. ती वापरू नका. पान पूर्ण लोड झाल्यावर ती चालली तर अख्खं पान पुसून टाकते. मंद मोबाइल नेटवर अशा पद्धतीने घातलेली दुसऱ्या डोमेनची स्क्रिप्ट न आणण्याची भूमिका क्रोमने २०१६ पासूनच घेतली आहे.

पत्त्याचा घोळ मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण त्यात भाचीचा एक अख्खा रविवार गेला. तिची स्क्रिप्ट ‘जेएस’ नावाच्या फोल्डरमध्ये होती आणि लायब्ररी शेजारीच, त्याच फोल्डरमध्ये. तिने एसआरसीमध्ये नुसतं लायब्ररीचं नाव लिहिलं. दोन्ही फाइली एका फोल्डरमध्ये आहेत म्हटल्यावर सापडायलाच हवी, असं तिला वाटलं. सापडली नाही. टॅगमधला पत्ता ब्राउझर पानाच्या जागेवरून मोजतो, टॅग कुठल्या फाइलने बनवला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून पान एका जागी असताना चालणारा कोड, पान आतल्या फोल्डरमध्ये हलवलं की बंद पडतो. पत्ता तिरप्या रेघेने सुरू करून, म्हणजे साइटच्या मुळापासून लिहावा. नाहीतर ‘डॉक्युमेंट डॉट करंट स्क्रिप्ट’ला आपल्या फाइलचा पत्ता विचारून त्यावरून पुढचा बांधावा. पण हे विचारणं फाइल पहिल्यांदा चालत असतानाच करायचं. नंतर, एखाद्या कॉलबॅकमध्ये, म्हणजे मागाहून चालणाऱ्या फंक्शनमध्ये, विचारलं तर उत्तर ‘नल’ येतं.

आता भाषेची स्वतःची सोय, म्हणजे मॉड्यूल. २०१५ च्या प्रमाणात ‘इम्पोर्ट’ (दुसऱ्या फाइलकडून मागणं) आणि ‘एक्सपोर्ट’ (दुसऱ्यांना देणं) आले. ब्राउझरांत ते यायला आणखी दोन-तीन वर्षं लागली. सफारी आणि क्रोममध्ये २०१७ मध्ये, फायरफॉक्समध्ये २०१८ मध्ये. त्याआधी २००९ पासून नोडवाले, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारे, त्यासाठी ‘रिक्वायर’ वापरतच होते. सर्व्हरच्या डिस्कवरच्या फाइलीसाठी क्षणभर थांबणं त्यांना परवडत होतं. ब्राउझरवाले त्या काळात वेबपॅकसारख्या साधनांनी सगळ्या फाइली आधीच एकत्र बांधत, आणि मोठ्या प्रकल्पांत आजही बांधतात.

मॉड्यूलमध्ये ‘इन्क्लूड’चं कोडं कसं सुटलं हे पाहण्यासारखं आहे. स्क्रिप्टच्या टॅगला ‘टाइप’ म्हणून ‘मॉड्यूल’ लिहायचं. मग ब्राउझर मुख्य फाइल आणतो, पण लगेच चालवत नाही. आधी नुसती वाचतो आणि ‘इम्पोर्ट’च्या ओळी शोधतो. त्यांत ज्या फाइली लिहिल्या असतील त्या आणतो, त्यांच्या ‘इम्पोर्ट’ वाचतो, त्याही आणतो. असं सगळं गणगोत गोळा झाल्यावर कोण कोणाकडून काय मागतंय ते जुळवतो. मागितलेलं नाव समोरच्या फाइलने ‘एक्सपोर्ट’ केलेलं नसेल तर इथेच चूक दाखवतो, एकही ओळ चालायच्या आधी. मगच कोड चालतो, ज्यांच्यावर बाकीचे अवलंबून आहेत ते आधी आणि मुख्य फाइल शेवटी. वाट पाहणं सगळं कोड सुरू व्हायच्या आधी उरकलेलं असतं, म्हणून पान गोठत नाही आणि तरी पहिल्या ओळीपासून सगळं हाताशी असतं. मला ही रचना फार सुंदर वाटते. ‘इम्पोर्ट’च्या ओळी फाइलच्या सर्वांत बाहेरच्या पातळीवरच का लिहाव्या लागतात, ‘इफ’च्या आत का चालत नाहीत, याचं उत्तरही यातच आहे: त्या कोड न चालवता नुसतं वाचून सापडायला हव्यात.

बाकीचे फायदे ओघाने येतात. प्रत्येक फाइलची खोली वेगळी, त्यामुळे ‘रेट्स’ हे नाव दोन फाइलींत असलं तरी भांडण नाही. एकच फाइल पाच जणांनी मागितली तरी पानात ती एकदाच चालते. आणि ‘इम्पोर्ट’मधला पत्ता पानावरून नाही तर त्या फाइलच्या स्वतःच्या जागेवरून मोजला जातो, म्हणजे भाचीचा तो रविवार वाचला असता.

नव्याने शिकणारे अडखळतात त्या जागाही मला माहीत आहेत. एचटीएमएल फाइलवर डबल क्लिक करून पान उघडलं तर मॉड्यूल लोड होत नाहीत, कारण थेट डिस्कवरून उघडलेल्या फाइलींना ब्राउझर ती परवानगी देत नाही. आपल्याच लॅपटॉपवर छोटा सर्व्हर चालवावा लागतो. पायथन असेल तर तो एका ओळीत सुरू होतो. शेजारच्या फाइलचा पत्ता टिंब आणि तिरपी रेघ देऊनच लिहायचा. नुसतं नाव दिलं तर ब्राउझरला ते कळत नाही, त्यासाठी पानात इम्पोर्ट मॅप, म्हणजे कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर याची यादी, द्यावा लागतो. फाइलचं एक्स्टेन्शनही गाळायचं नाही. दुसऱ्या डोमेनवरून मॉड्यूल आणायचं तर तिथल्या सर्व्हरने तशी मुभा दिलेली असावी लागते, साध्या टॅगला ती लागत नाही. आणि लायब्ररीची मॉड्यूल म्हणून बनवलेली आवृत्तीच घ्यायची. जुन्या पद्धतीची फाइल ‘इम्पोर्ट’ केली तर ती येते, पण हातात काही पडत नाही.

भाचीने उत्साहाने सगळं मॉड्यूलमध्ये बसवलं. आणि मग एक नवीन गोष्ट घडली. वेग मंद करून, लायब्ररीची फाइल मुद्दाम अडवून पाहिलं तर आता रेघ तर नाहीच, आकडेही गायब. कारण गणगोतातली एक फाइल आली नाही तर मुख्य फाइल चालतच नाही. पूर्वी दाजींना निदान दर दिसत होते, आता पूर्ण कोरं पान. इथे आम्ही दोघं बराच वेळ बोलत बसलो. दाजींना काय हवंय? आधी दर. रेघ असली तर चांगलं, नसली तरी त्यांचं काम अडत नाही. मग दोघांना एकाच दोरीने बांधायचं कशाला?

यासाठी ‘इम्पोर्ट’चं दुसरं रूप आहे, कंसवालं. २०२० च्या प्रमाणात ते आलं, ब्राउझरांत थोडं आधीपासून होतं. फंक्शनसारखं ते कुठेही बोलावता येतं, ‘इफ’च्या आत, बटण दाबल्यावर, कुठेही. ते प्रॉमिस परत देतं. टॅग बनवून ‘ऑनलोड’ लावण्याची सगळी कसरत त्या एका ओळीत येते. साध्या, मॉड्यूल नसलेल्या स्क्रिप्टमधूनही ते चालतं. भाचीने आकडे आणणारी आणि तक्ता मांडणारी फाइल वरच्या साध्या ‘इम्पोर्ट’ने घेतली, कारण तिच्याशिवाय पानाला अर्थ नाही. चार्टची लायब्ररी मात्र आकडे मांडून झाल्यावर कंसवाल्या ‘इम्पोर्ट’ने मागवली, आणि ती आलीच नाही तर ‘कॅच’मध्ये ‘आलेख सध्या दाखवता येत नाही’ अशी एक ओळ लिहिली.

पत्त्याच्या त्या रविवारनंतर लायब्ररी ती कुठल्या तरी मोफत सीडीएनवरून, म्हणजे अशा फाइली सगळ्यांना पुरवणाऱ्या सर्व्हरवरून, थेट घेत होती. ती मी तिला आमच्याच सर्व्हरवर ठेवायला लावली. दुसऱ्याची स्क्रिप्ट आपल्या पानात बोलावली की तिला पानातलं सगळं वाचता येतं, बदलता येतं, फॉर्ममध्ये टाइप केलेला मोबाइल नंबरसुद्धा. जून २०२४ मध्ये पॉलिफिल डॉट आयओ या पत्त्यावरून येणाऱ्या स्क्रिप्टमध्ये घातक कोड सापडला. त्या डोमेनची मालकी त्याच वर्षी बदलली होती, आणि एक लाखाहून जास्त साइट्स ती स्क्रिप्ट वर्षानुवर्षं विश्वासाने बोलावत होत्या. त्या साइट्सनी स्वतःच्या कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नव्हतं. बाहेरूनच घ्यायची वेळ आली तर ठरावीक आवृत्तीचा पत्ता घ्यावा आणि टॅगवर ‘इंटिग्रिटी’मध्ये त्या फाइलचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, लिहावा. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी ब्राउझर ती चालवायला नकार देतो.

पुढच्या आठवड्यात दाजी पुन्हा पिंपळगावला गेले. पान उघडलं, तिन्ही बाजारांचे दर लगेच आले. रेघ काही सेकंदांनी खाली उमटली असणार, पण दाजींनी ती पाहिली नाही. सरासरी दर वाचून त्यांनी फोन खिशात टाकला होता आणि ट्रॅक्टर पुढे घेतला होता.